आमच्या हातून घडलेली हत्या

गेल्या महिन्यांत आम्हीं ‘अंडरटेल’ नांवाचा संगणकावरील खेळ विकत घेतला, आणि तेव्हांपासून आमच्या तोंडीं दुसरा विषय घरांतील मंडळींस ऐकावयास मिळालेला नाहीं. पोक्त माणसानें जेवणाच्या पंगतींत राक्षसांच्या गोष्टी सांगाव्या हें वाचकांस हास्यास्पद वाटेल. पण या खेळांत आमच्या हातून एक हत्या घडली, व ती सांगितल्यावांचून आम्हांस चैन पडत नाहीं.

हा खेळ कोणा मोठ्या कंपनीचा नव्हे. टोबी फॉक्स या अमेरिकन तरुणानें तो रचला. कथा, संवाद, आज्ञावली, संगीत हें सर्व बहुतांशीं त्याचें एकट्याचें, आणि चित्रांच्या कामीं टेमी चँग हिचें मुख्य साहाय्य. २०१३ सालीं त्यानें किकस्टार्टरवर ५,००० डॉलरांसाठीं झोळी पसरली, तों तींत ५१,१२४ डॉलर पडले! १५ सप्टेंबर २०१५ रोजीं खेळ बाहेर आला. चित्रें मात्र जाड्याभरड्या ठिपक्यांचीं, तीं पाहून आमच्या पुतण्यानें “काका, हा तुमच्या लहानपणचा खेळ काय?” असें विचारलें.

कथा अशी : पूर्वीं मानव व राक्षस यांचें युद्ध होऊन मानव जिंकले आणि त्यांनीं राक्षसांस मंत्रबळानें भूमीखालीं कोंडलें. एबट पर्वतावरून एक मूल त्या पाताळांत पडतें. तें मूल म्हणजे आपण. एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळावयाच्या अशा खेळांचा रिवाज ठरलेला असतो : राक्षस दिसला कीं मारावा, त्यायोगें बळ वाढवावें, मग त्याहून मोठा मारावा. येथें लढण्याच्या बटणाशेजारीं दयेचेंहि बटण आहे. शत्रूचा मारा चुकवीत त्याचा स्वभाव ओळखावयाचा. रडव्या भुताची समजूत घालावी, बेडकाची स्तुति करावी. एका कुत्र्यास कुरवाळूं लागलें कीं त्याची मान लांबत जाते, ती पार पडद्याबाहेर! एकाहि जिवास न मारतां हा खेळ पुरा होऊं शकतो.

पाताळांत आरंभींच भेटते टोरिएल. रूपानें शेळीसारखी, पण माया आईची. कांट्यांच्या वाटेवर ती मुलाचा हात धरते, बटरस्कॉच व दालचिनी घालून पक्वान्न भाजते आणि मूल निजलें असतां त्याचा तुकडा खोलींत ठेवून जाते. घरीं परतण्याची वाट विचारतांच मात्र ती आडवी येते. बाहेर गेलेंस तर मरशील, म्हणून लढावयास उभी राहते. आम्हीं बोलून पाहिलें, व्यर्थ. तेव्हां जुन्या संवयीनें ठरविलें कीं हिला थोडी थकवूं, मग सोडून देऊं. एकेक घाव बेतानेंच घालीत होतों. पण शेवटला घाव अपेक्षेच्या कित्येक पट लागला, आणि तिची धूळ झाली.

खेळणाऱ्यांस अशा वेळीं पळवाट ठाऊक असते. आम्हीं खेळ बंद करून, जपून ठेवलेल्या मागल्या जागेपासून पुन्हां सुरू केला. या खेपेस दयेचेंच बटण दाबीत राहिलों. तेव्हां दिसलें कीं आपला जीव कमी झाला म्हणजे तिच्या ज्वाळा आपणांस चुकवून जातात. हें पहिल्या वेळीं आमच्या डोळ्यांसमोरच असलें पाहिजे! अखेरीस तिनें आम्हांस पोटाशीं धरलें व जाऊं दिलें.

आम्ही प्रसन्न मनानें पुढें गेलों, तों वाटेंत फ्लाउई हें बोलकें फूल दांत विचकून उभें. तूं तिला मारलेंस, आणि पश्चात्ताप झाला म्हणून मागें गेलास, हें मला ठाऊक आहे, अशा अर्थाचें तें बोललें. संगणकापुढें आम्ही चोरासारखे बसलों. खेळ आपल्या कृत्यांची एक निराळी नोंद ठेवतो, मागें गेल्यानें ती पुसली जात नाहीं, हें यंत्राचें रहस्य मागाहून कळलें. पण तें कळून ओशाळेपणा कमी झाला नाहीं.

पुढील कथा सांगून आम्ही रसभंग करीत नाहीं. तीक्ष्ण उपरोधाचा सॅन्स आणि त्याचा भाबडा भाऊ पपायरस हे सांगाडे मात्र ज्याचे त्यानें भेटून घ्यावे.

आमच्या मातोश्रींनीं ही हकीकत शांतपणें ऐकून घेतली व विचारलें, “पण ती पुन्हां उठली ना? मग आतां कशाला हळहळतोस?” आमच्याजवळ उत्तर नव्हतें. सध्यां आम्ही आरंभापासून दुसऱ्यांदा खेळत आहों, आणि लढण्याच्या बटणाकडे बोट जाऊं देत नाहीं.