बसकी मोटार आणि मागची बैठक

इ. स. २०१० च्या ऑक्टोबर महिन्यांत आपल्या शहरानें, तेव्हांच्या औरंगाबादेनें, साऱ्या देशास चकित केलें. येथील उद्योजक व व्यावसायिक मंडळींनीं एकी करून एकदम १५० मर्सिडीज मोटारी विकत घेतल्या. सौदा सुमारें ६५ कोटी रुपयांचा होता. त्या काळीं ऐषारामी मोटार म्हटली कीं डोळ्यांपुढें बसकी, लांब नाकाची, मागें सामानाची निराळी पेटी असलेली सेडान उभी राही. आज छत्रपति संभाजीनगरांत तशाच घरीं नव्या गाडीची गोष्ट निघाली, तर उंच, दांडग्या एस्. यू. व्ही. चें नांव आधीं येतें. २०२४-२५ सालीं देशांत खपलेल्या प्रवासी मोटारींत उंच व बहुप्रवासी गाड्यांचा वाटा शेंकडा ६५ पर्यंत गेला.

हा पालट आपल्या शहरास अंमळ अधिक लागणारा आहे. शेंद्र्याच्या कारखान्यांत स्कोडाची ऑक्टेव्हिया व पुढें सुपर्ब तयार होत. ऑडीनेंहि २००७ सालीं येथेंच ए-६ जुळविण्यास प्रारंभ केला. २०२३ सालीं धुराचे कडक निर्बंध आले आणि ऑक्टेव्हिया व सुपर्ब दोन्ही यादींतून गेल्या. सुपर्ब २०२४ मध्यें परतली ती अवघ्या १०० नगांपुरती, आणि तीहि परदेशांत तयार होऊन. कोडियाक ही उंच गाडी मात्र शेंद्र्यांतच जुळविली जात राहिली.

कर वांचतो म्हणून लोक उंच गाडी घेतात म्हणावें, तर तसेंहि नाहीं. सप्टेंबर २०२५ पर्यंत मोठ्या इंजिनाच्या सेडानवर ४८ टक्के, तर उंच गाडीवर ५० टक्के कर होता. पोटाखालीं १७० मिलिमीटर मोकळी जागा असली कीं गाडी उंच ठरे! त्यानंतर दोहोंवर सारखाच ४० टक्के झाला. जास्त कर भरून ज्यांनीं उंची घेतली, त्यांचें कारण घरांतच शोधलें पाहिजे. सत्तरी ओलांडलेल्या आजीबाईंना बसक्या गाडींत शिरतांना गुडघे दुमडून खालीं जावें लागतें, आणि उतरतांना कोणी तरी हात द्यावा लागतो. बेताच्या उंचीच्या बैठकीवर नुसतें टेकलें कीं झालें. शिवाय गल्लींतले गतिरोधक आणि पावसाळ्यांतले खड्डे आहेतच. हे आक्षेप आम्ही हंसण्यावारी नेणार नाहीं.

मात्र रस्ता बदलला कीं न्यायहि बदलतो. शहराजवळून जाणारा ७०१ किलोमीटरांचा समृद्धि महामार्ग जून २०२५ मध्यें पुरा खुला झाला. अशा सरळ रस्त्यावर बसकी गाडी वाऱ्यास कमी अडते, वळणावर कमी कलते आणि तेलहि बेतानें पिते. चांगला रस्ता दारीं आला आणि त्याला साजेशी गाडी दारांतून निघाली, असा हा विपरीत योग आहे.

सेडान हें नांव मूळचें माणसांनीं वाहून नेण्याच्या बंद खुर्चीचें. आपल्या मेण्याचीच ती विलायती बहीण. तिचा मान आंत बसणाऱ्याचा. 'कूपे' म्हणजे फ्रेंचमध्यें कापलेली. आगगाडीच्या कुप्यांत दोघांना मजेनें झोपतां तरी येतें, मोटारीच्या कूपेंत मागें बसणाऱ्याची मानच दुखते. ही दोन दारांची गाडी हौशी तरुणांचें खेळणें म्हणून राहील. एकत्र कुटुंबांत तिला जागा मिळेलसें आम्हांस दिसत नाहीं.

सेडानचें तसें नाहीं. चाकणला तयार होणारी मर्सिडीजची ई वर्गाची मोटार २०१७ सालीं दोन चाकांमध्यें सुमारें १४ सेंटिमीटरांनीं लांब करून आणली, आणि ती सारी लांबी मागें बसणाऱ्याच्या पायांस मिळाली. उंच गाड्यांच्या लाटेंतहि मर्सिडीजच्या गाड्यांत देशांत तीच कित्येक वर्षें सर्वांत अधिक खपली. बसकी गाडी टिकेल ती याच मागच्या बैठकीच्या बळावर, असें आमचें मत आहे.

आमच्या वाचकांपैकीं कोणी खरेदीच्या विचारांत असतील, तर त्यांनीं शोरूममध्यें जातांना चालविणाऱ्या चिरंजीवांबरोबर घरांतील सर्वांत वडील माणसासहि न्यावें, दोन्ही गाड्यांत मागें बसवून तासभर फिरवावें, आणि मग किंमत विचारावी.