शिरस्त्राण, पण सैनिकाचं नव्हे

मागच्या व्याख्यानात आपण 'वस्तू आणि तिचा अर्थ' या विषयाचा तात्त्विक भाग पाहिला. त्यानंतर काही श्रोत्यांनी कळवलं, की सर, सगळं हवेत राहिलं. हातात धरता येईल अशी एखादी वस्तू घेऊन बोला. तक्रार रास्त होती. म्हणून आज आम्ही एक वस्तू टेबलावर ठेवली आहे. मागच्या रांगेतल्यांना ती घमेल्यासारखी दिसत असेल. आमच्या सौभाग्यवतींनाही तसंच वाटलं होतं.

ही वस्तू आमच्या एका माजी विद्यार्थ्याची. नोकरीनिमित्त तो काही वर्षं जर्मनीत होता. तिथे रविवारी जुन्या वस्तूंचे बाजार भरतात, तिथून त्याने हे आणलं. गोंदियाला आल्यावर आमच्याकडे घेऊन आला, सोबत त्याची दहा वर्षांची मुलगी. त्याचा प्रश्न साधा होता. समोरचं चिन्ह कुणीतरी खरवडलं आहे. तसं नवं चिन्ह विकत मिळतं. लावून घेऊ का? आणि मुलीचा प्रश्न त्याहून साधा होता: "आजोबा, यावर आपलं स्वस्तिक का आहे?" आजचं व्याख्यान म्हणजे या दोन प्रश्नांचं उत्तर आहे.

आधी वस्तू नीट पाहू. हे दुसऱ्या महायुद्धातलं जर्मन हेल्मेट आहे, पण सैनिकाचं नाही. हे नागरी संरक्षणाचं, म्हणजे हवाई हल्ल्याच्या वेळी गल्लीत फिरणाऱ्या माणसाचं. १९३८ साली हा नमुना आला. रोमन योद्ध्याच्या टोपाशी साम्य वाटल्याने संग्राहक याला 'ग्लॅडिएटर' म्हणतात. ओळखायचं कसं? रंग गडद निळसर. डोक्याभोवती पत्र्याची एक उठावदार कडा फिरलेली आहे, तिच्यामुळे लांबूनही हे सैनिकी हेल्मेटाहून वेगळं दिसतं. काही हेल्मेटं एकाच पत्र्यातून दाबलेली, काही दोन-तीन तुकडे जोडून केलेली. पत्रा सैनिकी हेल्मेटापेक्षा हलक्या प्रतीचा. म्हणजे बंदुकीची गोळी अडवणं हे याचं काम नव्हतंच; पडणारं कौल, वीट, तोफगोळ्याचा उडालेला तुकडा यांपासून डोकं वाचलं म्हणजे झालं.

आतून पाहिलं तर पत्र्यावर ठसा दिसतो. १९३५ साली जर्मनीत हवाई संरक्षणाचा कायदा झाला. त्याच्या आठव्या कलमानुसार विक्रीस मंजूर, असं त्या ठशात म्हटलेलं असतं. म्हणजे ही नागरिकाने विकत घ्यायची वस्तू होती. आपल्याकडे दुचाकीच्या हेल्मेटावर आयएसआयचा शिक्का असतो ना, तसाच हा प्रकार. गंमत अशी, की संग्राहकाला चिन्हापेक्षा हा ठसा अधिक उपयोगी पडतो, कारण चिन्ह सहज चिकटवता येतं. पोलादात उमटलेला जुना ठसा आणि त्यावर चढलेला काळ नकली करणं त्या मानाने अवघड.

हे घालणारा माणूस कोण? १९३३ च्या एप्रिलमध्ये, नाझी सत्तेवर आल्यावर तीनच महिन्यांत, हवाई संरक्षणाचा राष्ट्रीय संघ स्थापन झाला आणि तो गोअरिंगच्या हवाई खात्याखाली गेला. युद्ध सुरू व्हायला सहा वर्षं होती, हे लक्षात घ्या. सदस्यसंख्या कोटीच्या घरात गेली. गृहिणी, शिक्षक, दुकानदार असे सगळे त्यात. वाळूच्या बादल्या भरून ठेवायच्या, माळे मोकळे करायचे, खिडक्यांतून उजेड बाहेर जात नाही ना ते पाहायचं. इथवर ऐकलं तर वाटतं, किती भली माणसं! पण उजेड पाहण्याच्या निमित्ताने शेजाऱ्याच्या खिडकीवर नजर ठेवण्याचाही अधिकार मिळाला होता. आणि भोंगा वाजला की तळघरात कोण बसणार? ज्यूंना इतरांपासून वेगळं बसवत. बाहेरून आणलेल्या वेठबिगार कामगारांना पक्क्या निवाऱ्यात बहुधा जागा नसे. म्हणजे हेल्मेट संरक्षणाचं होतं खरं. पण संरक्षण कुणाचं, हे आधीच ठरलेलं होतं.

आणि ते संरक्षण तरी पुरलं का? जुलै १९४३ मध्ये हॅम्बर्गवर बॉम्बहल्ले झाले तेव्हा आगीचं वादळ उठलं. तीस हजारांहून अधिक माणसं गेली, त्यांतली कितीतरी तळघरात बसल्या जागी, उष्णतेने आणि विषारी वायूने. वाळूची बादली आणि पत्र्याची टोपी त्यापुढे काय करणार?

आता कुणी म्हणेल, हे सगळं जर्मनीचं झालं, गोंदियाला याचं काय? मंडळी, बिरसीची धावपट्टी इथून किती लांब आहे? आज आपण तिथून विमानाच्या गोष्टी करतो, पण ती धावपट्टी इंग्रजांनी १९४० साली याच महायुद्धासाठी बांधली. तेव्हा गोंदिया भंडारा जिल्ह्यात, मध्यप्रांत आणि वऱ्हाडात. युद्ध आपल्या धानाच्या बांधापर्यंत आलं होतं. एप्रिल १९४२ मध्ये जपानी विमानांनी विशाखापट्टणम आणि काकीनाडा इथे बॉम्ब टाकले. हिंदुस्थानातल्या शहरांतही एआरपीचे, म्हणजे हवाई हल्ल्यापासून बचाव करणाऱ्या दलाचे, वॉर्डन नेमले गेले. तेही लोखंडी टोप घालून गल्लीत फिरत आणि 'दिवा मालवा' म्हणून ओरडत.

मुंबईत बॉम्ब पडलेच नाहीत. पण १४ एप्रिल १९४४ रोजी दुपारी चारच्या सुमारास व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' नावाच्या जहाजाचा स्फोट झाला, आणि अर्ध्या तासात दुसरा. जहाजावर कापसाच्या गाठी आणि सुमारे १,४०० टन स्फोटकं एकत्र भरलेली. लोकांना वाटलं जपान्यांनी हल्ला केला. शेकडो माणसं मेली, हजारो बेघर झाली. आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान त्यात गेले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळला जातो. हल्ला करायला शत्रू लागला नाही, हे ध्यानात घ्या. निष्काळजीपणा पुरला.

त्या वेळची आपल्याकडची किती हेल्मेटं आज उरली असतील? फार थोडी. कुणी सिमेंट कालवायला वापरलं, कुणी कोंबड्यांना पाणी ठेवायला, उरलेलं कबाड्याकडे गेलं. यात लाजण्यासारखं काही नाही. खुद्द जर्मनीत युद्धानंतर हेल्मेटांना भोकं पाडून चाळण्या केल्या, दांडे लावून पातेली केली. घरात पातेलं नसेल तर इतिहास कोण जपतो? पण त्यामुळे झालं असं, की आपला मुलगा सात समुद्रापलीकडचं हेल्मेट पैसे मोजून आणतो आणि आपल्या आजोबांच्या डोक्यावर काय होतं ते त्याला ठाऊक नसतं.

आता मुलीचा प्रश्न. तिला आम्ही दाराजवळची रांगोळी दाखवली. म्हटलं, बघ, आपलं स्वस्तिक सपाट बसलेलं, चार खणांत चार ठिपके. नाझींनी १९२० साली पक्षासाठी जे चिन्ह घेतलं ते बहुधा टोकावर उभं, तिरपं. जर्मन भाषेत त्याला आकड्यांचा क्रूस अशा अर्थाचं नाव आहे. पण मंडळी, फरक केवळ कोनाचा नाही. चिन्हाचा अर्थ रेषेत नसतो, वापरात असतो. एकच रेघ एका दारात 'या' म्हणते आणि दुसऱ्या दारात 'तुला इथे जागा नाही' म्हणते. जर्मनीत आजही ते चिन्ह सार्वजनिकरीत्या मिरवणं गुन्हा आहे. शिक्षण, संशोधन, कला यांना सवलत आहे. बाजारातले विक्रेते त्यावर चिकटपट्टी लावतात ते त्यामुळे. आपल्याकडे आपलं स्वस्तिक मंगल असल्याने आपण या चिन्हाकडे नकळत सौम्य नजरेने पाहतो. संग्राहकाने हीच चूक टाळायची.

आणि वडिलांचा प्रश्न: नवं चिन्ह लावावं का? इथे आम्हांला मिलिंद राजा आणि नागसेन यांचा संवाद आठवतो. रथ म्हणजे काय? चाक रथ नाही, आस रथ नाही, जू रथ नाही; मग रथ कुठे आहे? तसंच इथे. आतलं कातडं बदललं, हनुवटीचा पट्टा नवा लावला, रंग काढून पुन्हा दिला, वर छापील चिन्ह चिकटवलं. मग १९३८ चं काय उरलं? पत्रा. पण आमचा आक्षेप त्याहून पुढचा आहे. ते चिन्ह कुणीतरी खरवडलं. भीतीने असेल, लाजेने असेल, रागाने असेल, किंवा युद्ध संपल्यावर हेल्मेट पुन्हा वापरायचं म्हणून असेल. कारण काहीही असो, हेल्मेटाच्या आयुष्यातली ती सगळ्यांत बोलकी घटना आहे. नवं चिन्ह लावलं की आपण त्या माणसाने केलेली कृती पुसतो आणि ज्यांनी चिन्ह छापलं त्यांच्या बाजूने हेल्मेट दुरुस्त करतो. म्हणून आम्ही त्याला म्हटलं, लावू नकोस. आणि उद्या शाबूत चिन्हाचं हेल्मेट मिळालं तर तेही खरवडू नकोस. दोन्हीकडे पुरावा जातो.

संग्रह कसा करावा, याचा आदर्श आपल्याकडे आहेच. पुण्याला दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, भांडी, फण्या जमवल्या. साध्या घरातली साधी वस्तू त्यांनी मोलाची मानली, आणि गेलेल्या मुलाच्या नावाने तो सगळा संग्रह शासनाच्या स्वाधीन केला. नागरी संरक्षणाचं हेल्मेट हे त्याच जातीचं: तलवारीपेक्षा अडकित्त्याला जवळचं.

नव्याने जमवणाऱ्यांसाठी चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. पहिली: 'प्राचीन' हा शब्द ऐकून जादा पैसे देऊ नका. आपल्या १९७२ च्या कायद्याने वस्तू शंभर वर्षांची झाली की पुरावशेष. १९३८ चं हेल्मेट २०३८ मध्ये शंभरी गाठेल. दुसरी: चिंच, लिंबू, पितांबरी लावून घासू नका. कोरड्या मऊ फडक्याने पुसा. आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने ओल असते, तेव्हा बंद पेटीत ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवा. पट्ट्याला धरून टांगू नका, जुनं कातडं तुटतं. तिसरी: हेल्मेटासोबत त्या काळचे वायूपासून बचावाचे मुखवटे विकायला असतात. त्यांच्या गाळणीत ॲसबेस्टॉस असू शकतं. ते तोंडाला लावू नका, मुलांना तर मुळीच नाही. चौथी, आणि आमच्या मते सगळ्यांत मोठी: वही ठेवा. कुठून घेतलं, केव्हा, कितीला, विकणाऱ्याने काय सांगितलं. वहीविना संग्रह म्हणजे भंगार.

१९७१ च्या डिसेंबरात आम्ही मुंबईला मामांकडे होतो. भोंगा वाजला की मामा काचांना लावलेला काळा कागद चाचपत आणि मामी अंधारात देवापुढची समईही शांत करी. मे २०२५ मध्ये देशभर नागरी संरक्षणाच्या रंगीत तालमी झाल्या, तेव्हा तो भोंगा पुन्हा कानांत वाजला. चाळीच्या जिन्यावर कंदील झाकून उभा राहणारा वॉर्डन कोण होता, त्याचं नाव आज आम्हांला आठवत नाही. तो सगळ्यांना सारखंच ओरडायचा, एवढं आठवतं. या हेल्मेटाकडे पाहताना आम्ही त्याच गोष्टीचा विचार करतो.

विद्यार्थ्याने चिन्ह लावलं नाही. मुलीने मात्र हेल्मेटासाठी एक चिठ्ठी लिहून दिली, ती इथे शेजारी ठेवली आहे. जाताना वाचा. तिच्यात एकच ओळ आहे: 'हे कुणी खरवडलं ते माहीत नाही.' आम्ही त्यात काहीही दुरुस्ती केलेली नाही.

घरी माळ्यावर, गोठ्यात, जुन्या पेटीत काही असेल तर विकण्याआधी वहीत लिहा. वडीलधारी मंडळी अजून आहेत, त्यांना विचारा. आज इथेच थांबतो.