‘आता फक्त फिरायचं!’

आमच्या भोसरीच्या शेडमध्ये कॅम्परचं वायरिंग करताना एक पाइप रिकामा टाकतो आणि त्यात नायलॉनची दोरी ओवून ठेवतो. सुतारकामाचंही तेच. मेस्त्री फळ्यांना फेविकॉल लावत नाहीत, नुसते स्क्रू. गाडी घ्यायला आलेले मालक नारळ फोडतात, पेढे वाटतात आणि बजावतात, “आता काही करायचं नाही, फक्त फिरायचं!” गाडी गेटबाहेर पडली की मेस्त्री म्हणतात, “दिवाळीच्या आत येईल.” येतेच.

नवी हौस म्हणून कोणी येत नाही. येतात ते मागच्या सहलीतलं भांडण मिटवायला. बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकांच्या फोर्स ट्रॅव्हलरमध्ये शिरलो की मला सगळं वाचता येतं. छतातला पंखा म्हणजे मे महिन्यातलं गणपतीपुळे. उशाशी दुसरा दिवा, कारण काकूंना वाचायचं असतं आणि काकांना झोपायचं. फ्रिज म्हणजे नासलेलं दूध.

मग तारकर्लीच्या वाऱ्यात गॅस सारखा विझला आणि काकांनी इंडक्शनचं मनावर घेतलं. १५०० वॉटची शेगडी घरच्या २३० व्होल्टवर साडेसहा अँपिअर घेते; गाडीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीतून तेवढ्यासाठीच सव्वाशे ओढते. म्हणजे करंगळीएवढी जाड केबल, मोठा इन्व्हर्टर, जुनी लेड-ॲसिड काढून लिथियमच्या बॅटऱ्या. त्या भरायला टपावर सोलर. सोलरला जागा हवी म्हणून कॅरिअर उतरवलं. कॅरिअरवरचं सामान पलंगाखाली आलं, पलंगाखालची १०० लिटरची पाण्याची टाकी पार मागे गेली. १०० लिटर म्हणजे १०० किलो, तेही मागच्या चाकांच्या पलीकडे. हेडलाइट झाडांचे शेंडे दाखवू लागले. मग स्प्रिंगच्या पाट्यांचं काम निघालं, मागची बाजू उचलली गेली, काकूंचा पाय दारात पोचेना, म्हणून लोखंडी पायरी. काकूंनी पायरीवर चढून आत पाहिलं. गॅसची शेगडी होती तिथेच होती. “असू दे, ढग आले तर?” काका म्हणाले.

हा रोग जुना आहे. अमेरिकेतल्या, गाडीमागे ओढायचे कॅम्पर बनवणाऱ्या एअरस्ट्रीमच्या वॉली बायमनी आधी फोर्डच्या मॉडेल टी गाडीच्या सांगाड्यावर तंबू ठोकला. बायकोला स्वयंपाकघर हवं होतं, मग पक्कं छप्पर आलं. ताठ उभं राहता यावं म्हणून पुढे फरशी चाकांच्या मधे खाली उतरवली. हॉली बोलस यांच्या ॲल्युमिनियमच्या गाडीचं दार पुढे, जोडणीच्या वर होतं; बायमनी ते बाजूला आणलं आणि १९३६ साली ‘क्लिपर’ बाजारात आली. दुरुस्त्यांतूनच कंपनी उभी राहिली! आमच्या गिऱ्हाइकांना मी हे कधीच सांगत नाही.

काकांना तर छप्परच उंच करायचं होतं. तिथे मात्र मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम पुढे केलं: आरसीवरच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाला मनाने करता येत नाही. नको म्हणायला आमच्या धंद्यात एवढं सोयीचं दुसरं काही नाही.

शेवटी त्यांना वजनकाट्यावर नेलं. वाटलं, आकडा पाहून तरी थांबतील. काकांनी पावती वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली.

“मेस्त्री,” ते म्हणाले, “हे सगळं फर्निचर काढून ॲल्युमिनियमचं केलं, तर किती किलो वाचतील हो?”