महाबली वेताळ खोटं बोलतो, मग तो सज्जन कसा? विसंगतीतून संशोधनाचा प्रश्न



सिनॉप्सिस लिहायला बसलेल्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो. "डेटात दोन गोष्टी एकमेकींच्या अगदी उलट जातायत, आता काय करू?" बहुतेकांना वाटतं, त्यातली एक गुपचूप काढून टाकावी, नाहीतर दोन्हींची सरासरी काढून मोकळं व्हावं. माझं सांगणं एवढंच, की तिथं थोडं थांबा. तुमचा खरा प्रश्न बऱ्याचदा तिथंच दडलेला असतो.

आज प्रयोगशाळेतलं उदाहरण घेत नाही, कारण तुमच्यात सगळ्या विषयांचे लोक आहेत. एक कॉमिक्सचा नायक घेऊ : महाबली वेताळ. तुम्ही वाचला नसेल तर घरी काका-मामांना विचारा. टाइम्स ऑफ इंडियाच्या 'इंद्रजाल कॉमिक्स'ने मार्च १९६४ मध्ये त्याला अंकरूपात आणलं. ही मालिका १९९० पर्यंत चालली आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांत निघाली. पहिले ३२ अंक तर एकट्या वेताळाचेच होते.

मूळ इंग्रजी नाव 'द फँटम'. अमेरिकी लेखक ली फॉक याने १७ फेब्रुवारी १९३६ रोजी वर्तमानपत्रातल्या चित्रपट्टीत त्याची सुरुवात केली. म्हणजे सुपरमॅनच्या (१९३८) आणि बॅटमॅनच्या (१९३९) आधी. अंगाला घट्ट पोशाख, डोळ्यांवर मुखवटा, पण अलौकिक शक्ती एकही नाही. १५३६ साली समुद्री चाच्यांच्या हल्ल्यातून वाचलेला एक तरुण किनाऱ्याला लागतो. बांदर जमातीचे लोक त्याला जगवतात. बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून तो चाचेगिरी, लोभ, क्रूरता आणि अन्याय यांच्याविरुद्ध शपथ घेतो. तेव्हापासून बापाचा पोशाख मुलगा चढवतो आणि जगाला वाटतं, चारशे वर्षं एकच अमर माणूस जंगलात फिरतोय. कथांमधला आपला वेताळ एकविसावा.

आधी विसंगती नीट मांडा

नुसतं "पात्र गुंतागुंतीचं आहे" म्हणून चालत नाही. काय कशाच्या विरुद्ध जातं, ते लिहा.

एक, तो सत्यासाठी लढतो, पण त्याचं अख्खं आयुष्य एका खोट्यावर उभं आहे. तो अमर नाही, हे त्याला आणि बांदरांना पक्कं माहीत आहे.

दोन, तो शांततेचा रखवालदार आहे, पण त्याचं हत्यार भीती आहे. एका हातातल्या अंगठीने गुन्हेगाराच्या जबड्यावर कवटीची खूण उमटते, दुसऱ्या हातातली अंगठी रक्षणाची खूण देते. माणूस एकच, हात दोन.

तीन, कुणाला न भिणारा हा गडी डायना पामरला लग्नाचं विचारायला कचरतो. ती दोघं पहिल्याच कथेत भेटतात, १९३६ साली. लग्न लागतं डिसेंबर १९७७ मध्ये!

चार, तो जुलमी सत्तेचा शत्रू आहे, पण जंगल पेट्रोल या दलाचा गुप्त सेनापतीही तोच. जवान हुकूम पाळतात, पण हुकूम देणारा कोण हे त्यांना माहीत नसतं.

पहिला संशय : लिहिणारे हात अनेक असतील

अशी यादी हाती आली की सोपं उत्तर लगेच सुचतं. वर्षानुवर्षं चाललेलं पात्र, दर काही वर्षांनी लेखक बदलतो, म्हणून स्वभावात गोंधळ. सुपरमॅन-बॅटमॅनच्या बाबतीत हे बरंचसं लागू पडतं.

वेताळाच्या बाबतीत पडत नाही. ली फॉक १९३६ पासून १९९९ मध्ये त्याचा मृत्यू होईपर्यंत, म्हणजे तब्बल ६३ वर्षं, या मालिकेचा मुख्य लेखक राहिला. चित्रकार मात्र बदलले : आधी रे मूर, मग विल्सन मॅकॉय आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीपासून १९९४ पर्यंत साय बॅरी. मूरच्या चित्रांत सावल्या दाट, मॅकॉयची रेषा साधी, बॅरीची सफाईदार. आता विज्ञानाच्या विद्यार्थ्यांच्या लक्षात आलं असेल. इथं एक व्हेरिएबल जवळपास स्थिर आहे आणि बाकीचे हलतायत. असं नैसर्गिक कंट्रोल हाती लागणं म्हणजे नशीबच. 'लेखक बदलला' हे स्पष्टीकरण बाद झालं की उरलेल्या कारणांकडे बघावंच लागतं.

मग काढून बघा

जीवशास्त्रात एखाद्या जनुकाचं काम कळायला ते जनुक बंद पाडतात आणि जीवावर काय परिणाम होतो ते बघतात. तीच रीत इथं वापरू. एकेक विसंगती मनातल्या मनात दूर करा आणि विचारा, वेताळ उरतो का?

लग्नाची दिरंगाई काढा. उरतो. नुसतं मनात कशाला, फॉकने स्वतःच ती काढली. १९७७ नंतर संसार झाला, किट आणि हेलोईज ही जुळी मुलं झाली, तरी मालिका चालूच राहिली. म्हणजे ही विसंगती वरवरची. रोज थोडी थोडी छापायची कथा असेल तर लग्न पुढं ढकलणं सोयीचंच असतं.

प्रदेशाचा घोळ काढा. सुरुवातीच्या कथांतलं त्याचं जंगल आशियाकडचं वाटतं, नंतर ते सरळ आफ्रिकेत जातं. आपल्याकडच्या अंकांत तर देशाचं नावच 'डेंकाली' झालं, सिंग चाच्यांचे 'सिंगा' झाले आणि बापाचा मारेकरी रामा 'रामालू' झाला. कारण उघड आहे, मूळ नावं इथल्या वाचकाला खटकली असती. एवढं बदलूनही वेताळ उरलाच.

आता खोटं काढा. समजा, उद्या त्याने चौकात उभं राहून सांगितलं, "मी एकविसावा आहे, माझा बाप मेला, मीही मरेन." संपलं! भीती गेली, दरारा गेला, मुलाने तोच पोशाख घालायचं कारणही गेलं. म्हणजे हे खोटं पात्राच्या पायातच आहे.

तर विसंगती दोन जातींच्या असतात. एक निर्मितीच्या ओघात चिकटलेली, दुसरी रचनेतच असलेली. पहिलीचं कारण बाहेर शोधायचं, दुसरीचं आत. दोन्ही एकाच तक्त्यात कोंबल्या तर निष्कर्ष हमखास चुकतो.

अडचणीचं उदाहरण

चौथी विसंगती मात्र या दोन खणांत नीट बसत नाही. गोऱ्या वंशाचा एक माणूस पिढ्यान् पिढ्या काळ्या लोकांच्या जंगलाचा रक्षक आहे. त्याला कुणी निवडून दिलेलं नाही. १९३६ साली, वसाहतींच्या काळात, अमेरिकी वाचकाला यात वावगं वाटलं नसेल. पुढं आफ्रिकेतले देश स्वतंत्र होऊ लागले. फॉकने कथेत निवडून आलेला राष्ट्राध्यक्ष लामांडा लुआगा आणला, डायनाला संयुक्त राष्ट्रसंघात काम दिलं. भोवतालचं जग लोकशाहीचं झालं.

पण गुप्त सेनापती जागचा हलला नाही. माझ्या मते दुरुस्तीने विसंगती मिटली नाही, उलट जास्त टोकदार झाली. आधी राजाच नव्हता म्हणून रक्षक हवा होता. आता निवडलेलं सरकार आहे, तरी रक्षक आहेच, आणि त्याला जाब विचारणारं कुणी नाही. वेताळ आपल्याला आवडतो म्हणून हे झाकायचं नाही, आणि हे दिसलं म्हणून त्याची गुलामीविरुद्धची लढाईही पुसायची नाही. आवडत्या गाइडचा आवडता सिद्धांत असला तरी नियम हाच.

आणि वाचकाचं काय?

एक व्हेरिएबल अजून बाकी आहे. 'फँटम'ला आपल्याकडे 'वेताळ' हे नाव मिळालं. आता बघा, वेताळ म्हणजे भुतांचा राजा. पण कोकण-गोव्यात तोच गावाचा राखणदार देव. वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीत वेतोबाला भक्त भल्यामोठ्या चपला वाहतात. तो रात्री गावाच्या रखवालीला फिरतो आणि चपला झिजतात, अशी श्रद्धा. भीतिदायक आणि रक्षक, शिवाय चालणारा! मूळ इंग्रजीतही फँटमची ओळख 'चालतं भूत' अशीच आहे.

म्हणून एक गृहीतक मांडता येतं : अमेरिकी वाचकाला जी विसंगती वाटते, ती वेतोबा माहीत असलेल्या वाचकाला विसंगती वाटतच नसेल.

पण घाई नको. हिंदी अंकांतही नाव 'वेताल'च होतं, त्यामुळे हे खास मराठी शहाणपण आहे असं म्हणता येत नाही. आणि वेतोबा कोकणातला. आपल्या दारव्हा-यवतमाळकडच्या वाचकाला त्या नावाने आधी विक्रमाच्या पाठीवरचा वेताळ आठवत असेल. ते विचारल्याशिवाय कळणार नाही. म्हणजे तुलना तयारच आहे : सिंधुदुर्गातले जुने वाचक, विदर्भातले जुने वाचक आणि एकाच कथेचे मराठी व इंग्रजी अंक. एम.ए.च्या लघुप्रबंधाला हा विषय पुरून उरेल.

तुमच्यासाठी काम

तुमच्या विषयातली एक विसंगती घ्या आणि एका पानावर चार गोष्टी लिहा. नेमकं काय कशाच्या विरुद्ध आहे? सगळ्यांत सोपं स्पष्टीकरण कोणतं, आणि ते कशाने बाद होईल? ही विसंगती काढली तर मूळ गोष्ट उरते का? आणि ती कुणाला विसंगती वाटते, कुणाला नाही?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर "सगळ्यांनाच वाटते" असं आलं, तर एकदा परत तपासा. पेटच्या मुलाखतीत "तुमच्या विषयात नवीन काय?" असं विचारतात, तेव्हा हेच पान कामाला येतं.

पान लिहून झालं की पाठवा. वाचून नक्की कळवतो.