रुग्ण-अहवाल (वैद्यकीय)

एका किंवा मोजक्या रुग्णांची लक्षणे, तपासण्या, निदान, उपचार व परिणाम यांची प्रकाशनासाठी केलेली शास्त्रीय नोंद म्हणजे रुग्ण-अहवाल होय. वैद्यकीय व्यवहारात यास 'केस रिपोर्ट' असे म्हणतात. दुर्मीळ आजार, परिचित आजाराचे अनपेक्षित रूप किंवा औषधाचा अज्ञात दुष्परिणाम हे त्याचे नेहमीचे विषय असतात.

महत्त्व
भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये 'द लॅन्सेट' या नियतकालिकात मुंबईतील मोजक्या व्यक्तींच्या रक्ताचे वेगळेपण नोंदवले. हे रक्त चाचणीत 'ओ' गटाचे भासते. परंतु त्यात 'एच' प्रतिजन नसल्याने अशा व्यक्तीस 'ओ' गटाचे रक्तही चालत नाही. हाच पुढे 'बॉम्बे रक्तगट' म्हणून जगभर ओळखला गेला.

रचना
अहवालात सारांश, प्रस्तावना, रुग्णाची हकीकत, चर्चा व निष्कर्ष हे भाग असतात. घटनाक्रम तारखांऐवजी 'पहिला दिवस', 'तिसरा आठवडा' असा दिल्यास आजाराची वाटचाल स्पष्ट होते. चर्चेत पूर्वप्रकाशित नोंदींशी तुलना करतात. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'केअर' मार्गदर्शक तत्त्वांत रुग्णाचा स्वतःचा दृष्टिकोन व त्याची संमती यांनाही स्थान आहे.

संमती व गोपनीयता
उपचारांसाठी दिलेली संमती प्रकाशनास पुरत नाही. त्यासाठी रुग्णास समजेल अशा भाषेत माहिती देऊन स्वतंत्र लेखी संमती घेणे अपेक्षित असते. केवळ नाव वगळणेही पुरेसे नसते. लहान गावात वय, व्यवसाय व दुर्मीळ आजार एवढ्यावरूनही व्यक्ती ओळखू येते. त्यामुळे अनावश्यक तपशील गाळावा. मात्र तो बदलून खोटा देऊ नये.

मर्यादा
एका रुग्णास गुण आला म्हणून उपचार सर्वांना उपयुक्त ठरतो, असे सिद्ध होत नाही. आजार आपोआप बरा झालेला असू शकतो, तसेच यशस्वी उपचारांच्याच नोंदी अधिक छापल्या जाण्याची शक्यता असते. म्हणून रुग्ण-अहवाल पुढील संशोधनास दिशा देतो. अंतिम पुरावा ठरत नाही.

अहिल्यानगर जिल्ह्यात
राहाता तालुक्यातील लोणी येथील प्रवरा वैद्यकीय विज्ञान संस्थेच्या 'प्रवरा मेडिकल रिव्ह्यू' या नियतकालिकात संशोधनपर लेखांसह रुग्ण-अहवालही प्रसिद्ध होतात. ग्रामीण रुग्णालयातील निरीक्षणे अशा नोंदींमुळे इतरत्रच्या डॉक्टरांपर्यंत पोहोचतात.