अमेरिकेतील सैनिकी प्रबोधिन्या आणि लोकप्रतिनिधींचे नामनिर्देशन

पुण्याजवळ खडकवासला येथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत प्रवेश मिळविण्यासाठी उमेदवारास संघ लोकसेवा आयोगाच्या लेखी परीक्षेत उत्तीर्ण व्हावे लागते व त्यानंतर सेवा निवड मंडळापुढील अनेक दिवसांच्या कसोट्यांतून जावे लागते. या मार्गावर संसद-सदस्याच्या शिफारशीला कोठेही स्थान नाही. किंबहुना आपल्या उमेदवारीला बाहेरून पाठिंबा मिळविण्याचा प्रयत्न करणे हेच आयोगाच्या नियमांनुसार अपात्रतेचे कारण ठरते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मात्र नेमकी विरुद्ध व्यवस्था आहे. तेथील सैनिकी प्रबोधिनीत जाऊ इच्छिणारा विद्यार्थी कितीही गुणवान असला, तरी कायद्याने ठरविलेल्या कोणत्यातरी अधिकारस्थानाकडून, आणि बहुधा आपल्या भागातील लोकप्रतिनिधीकडून, त्याचे नामनिर्देशन झाल्याशिवाय त्याच्या प्रवेशाचा विचारच होऊ शकत नाही. लोकशाही राष्ट्राने अशी पद्धती का स्वीकारली, तिच्यात वशिल्याचा शिरकाव कसा झाला आणि त्याला आवर कसा घालण्यात आला, या प्रश्नांचा विचार लष्कर व लोकसत्ता यांच्या परस्परसंबंधांच्या अभ्यासकाला उद्‌बोधक ठरेल.

जागांची वाटणी

नामनिर्देशनाची अट चार प्रबोधिन्यांना लागू आहे: वेस्ट पॉइंट येथील भूसेनेची (स्थापना १८०२), अ‍ॅनापोलिस येथील नौसेनेची (१८४५), कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथील वायुसेनेची (१९५४ च्या कायद्यान्वये) आणि किंग्ज पॉइंट येथील व्यापारी नौकानयनाची. न्यू लंडन येथील तटरक्षक दलाच्या प्रबोधिनीत मात्र केवळ गुणानुक्रमाने प्रवेश मिळतो. एकाच देशात दोन्ही पद्धती शेजारी शेजारी नांदत आहेत, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

पहिल्या तीन प्रबोधिन्यांचा नियम सामान्यतः एकच आहे. प्रतिनिधिगृहाचे ४३५ सदस्य व सेनेटचे १०० सदस्य यांपैकी प्रत्येकाच्या नावावर प्रत्येक प्रबोधिनीत एका वेळी पाच छात्र असू शकतात. या हिशेबाने एका प्रबोधिनीतील २,६७५ जागा लोकप्रतिनिधींच्या वाट्याला येतात. वेस्ट पॉइंटची एकूण छात्रसंख्या सुमारे ४,४०० आहे हे ध्यानात घेतले, म्हणजे या वाट्याचे महत्त्व कळून येते. याखेरीज उपराष्ट्राध्यक्षालाही पाच जागा आहेत. राष्ट्राध्यक्ष दरवर्षी शंभर जागांवर दीर्घकाळ सैन्यसेवा केलेल्यांच्या मुलामुलींची नियुक्ती करू शकतो. सर्वोच्च शौर्यपदक मिळविणाऱ्यांच्या अपत्यांना, ती अन्यथा पात्र असतील तर, संख्येची मर्यादा नाही. सेवेतील सैनिकांसाठीही स्वतंत्र जागा ठेवलेल्या आहेत.

उमेदवाराचा मार्ग

नामनिर्देशन म्हणजे प्रवेश नव्हे, हा या पद्धतीतील पहिला आणि अनेकदा विसरला जाणारा मुद्दा होय. उमेदवाराला दोन अर्ज स्वतंत्रपणे करावे लागतात: एक प्रबोधिनीकडे आणि दुसरा लोकप्रतिनिधीकडे. तो आपल्या मतदारसंघाचा प्रतिनिधी व आपल्या राज्याचे दोन सेनेट-सदस्य अशा तिघांकडे अर्ज करू शकतो, आणि जाणते उमेदवार तिघांकडेही करतात. दुसऱ्या मतदारसंघातील सदस्याकडे मात्र त्याला जाता येत नाही. उमेदवार अमेरिकेचा नागरिक, किमान १७ वर्षांचा आणि अविवाहित असावा लागतो व त्याच्यावर कोणाच्या पालनपोषणाची जबाबदारी असता कामा नये.

शालेय शिक्षणाचे अखेरचे वर्ष सुरू होण्यापूर्वीच ही तयारी आरंभावी लागते. शरद ऋतूत सदस्यांच्या कार्यालयांकडे शाळेचे गुणपत्रक, शिक्षकांची पत्रे व निबंध पोहोचतात. बहुतेक सदस्य स्थानिक नागरिकांचे एक मंडळ नेमून उमेदवारांच्या मुलाखती घेतात. त्यात निवृत्त सेनाधिकारी व शिक्षक यांचा भरणा असतो. नावे साधारणतः जानेवारीअखेर प्रबोधिनीकडे जातात. दुसरीकडे वैद्यकीय तपासणी, शारीरिक क्षमतेची चाचणी आणि शैक्षणिक परीक्षा प्रबोधिनीच्या देखरेखीखाली पार पडतात.

रिकाम्या होणाऱ्या प्रत्येक जागेसाठी सदस्य एकच नाव देत नाही. पूर्वी तो दहा नावे देऊ शकत असे. अलीकडील दुरुस्तीने ही मर्यादा पंधरा झाली आहे. ही नावे तीन प्रकारे देता येतात. पहिल्या प्रकारात सर्व नावे समान मानली जातात व त्यांतील सर्वांत योग्य उमेदवार प्रबोधिनी निवडते. दुसऱ्या प्रकारात सदस्य एकाला मुख्य उमेदवार ठरवितो; तो पात्र ठरला तर जागा त्याची, अन्यथा उरलेल्यांत स्पर्धा होते. तिसऱ्या प्रकारात पर्यायी उमेदवारांचा क्रमही सदस्यच लावून देतो. या तीन प्रकारांतच साऱ्या पद्धतीचे मर्म साठविलेले आहे. कारण सदस्य आपल्या हाती किती अधिकार राखतो आणि किती गुणवत्तेच्या स्वाधीन करतो, हे तो कोणता प्रकार पत्करतो यावरून दिसून येते.

पद्धतीचा उगम

आरंभी छात्रांची नेमणूक राष्ट्राध्यक्ष व युद्धमंत्री यांच्या हाती होती. साहजिकच राजधानीत ओळख असणाऱ्या कुटुंबांना तिचा लाभ झाला. उमरावशाही सेनेची एक नवी जात निर्माण होत असल्याची तक्रार सुरू झाली, आणि १८३० मध्ये टेनेसीचे प्रतिनिधी डेव्ही क्रॉकेट यांनी प्रबोधिनी बंद करण्याचा ठराव मांडला. प्रबोधिनी टिकली, पण तिला लोकांशी जोडणे आवश्यक ठरले. प्रतिनिधींच्या शिफारशीवरून नेमणुका करण्याचा प्रघात पडतच होता. १८४३ च्या कायद्याने त्याला निश्चित रूप दिले. प्रत्येक मतदारसंघातून एक छात्र घ्यावा व तो त्याच मतदारसंघाचा रहिवासी असावा, असा नियम झाला. राष्ट्राध्यक्षाकडे केवळ दहा जागा उरल्या.

या कायद्याचा हेतू स्पष्ट होता. सेनाधिकाऱ्यांचा वर्ग एका प्रांतातून, एका थरातून किंवा सत्तारूढ पक्षाच्या घराण्यांतून निर्माण होऊ नये, तो देशाच्या नकाशाप्रमाणे सर्वत्र विभागलेला असावा, ही त्यामागील भूमिका होती. ओहायोतील एका चर्मकार-व्यावसायिकाचा मुलगा युलिसिस ग्रँट याचा वेस्ट पॉइंटमधील प्रवेश १८३९ मध्ये, म्हणजे कायद्यापूर्वी पण याच प्रघातानुसार झाला. प्रतिनिधी टॉमस हेमर यांनी घाईत त्याचे नावही चुकीचे लिहिले, आणि हायरम युलिसिस ग्रँट हा तरुण त्या चुकीमुळे ‘युलिसिस एस. ग्रँट’ म्हणून इतिहासात राहिला. पुढे यादवी युद्धात संघराज्याच्या सेनांचा सरसेनापती झालेल्या या माणसाला ज्याने निवडले, त्याला त्याचे नावही नीट ठाऊक नव्हते, यावरून त्या काळातील निवडीचे स्वरूप ध्यानात येते.

वशिल्याचा धोका

ज्याच्या हाती जागा, त्याच्या दारी गर्दी, हा नियम अमेरिकेलाही चुकला नाही. १८७० मध्ये दक्षिण कॅरोलिनाचे बी. एफ. व्हिटमोर, उत्तर कॅरोलिनाचे जॉन डिवीझ व टेनेसीचे रॉडरिक बटलर या तीन प्रतिनिधींनी प्रबोधिनीतील जागांच्या मोबदल्यात पैसे घेतल्याचे उघडकीस आले, आणि प्रतिनिधिगृहाने तिघांचीही निर्भर्त्सना केली. व्हिटमोर राजीनामा देऊन पुन्हा निवडून आले, तेव्हा गृहाने त्यांना आसनच नाकारले.

तथापि पद्धती रद्द झाली नाही. तिच्यात हळूहळू परीक्षेचा अंश मिसळत गेला. काही सदस्य स्वेच्छेनेच स्पर्धापरीक्षा घेऊ लागले. १९१० मध्ये कॅन्ससचे सेनेट-सदस्य जोसेफ ब्रिस्टो यांनी घेतलेल्या अशाच परीक्षेला ड्वाइट आयझेनहॉवर बसला व पुढील वर्षी वेस्ट पॉइंटमध्ये दाखल झाला. त्याच्या कुटुंबापाशी ना पैसा होता ना राजकीय वजन. आज उमेदवाराची अंतिम पात्रता प्रबोधिनीच ठरविते, त्यामुळे अपात्र मुलाला केवळ वशिल्याने आत नेता येत नाही. पात्र असलेल्या अनेकांतून कोणाला पुढे करावे, एवढाच वाव उरला आहे. परंतु तो वावही लहान नाही.

प्रतिनिधित्वाचा प्रश्न

प्रवेशाचे दार प्रतिनिधीच्या हाती असेल, तर ज्याला प्रतिनिधी नाही त्याला दार नाही, असा या व्यवस्थेचा दुसरा अर्थ होतो. यादवी युद्धानंतरच्या पुनर्रचनेच्या काळात जॉर्जियाचे प्रतिनिधी जेम्स फ्रीमन यांनी, गुलामगिरीत जन्मलेल्या हेन्री फ्लिपरचे नामनिर्देशन केले आणि १८७७ मध्ये तो वेस्ट पॉइंटचा पहिला कृष्णवर्णीय पदवीधर झाला. १८८९ मध्ये चार्ल्स यंग उत्तीर्ण झाला आणि त्यानंतर १९३६ पर्यंत एकही नाही. १९०१ ते १९२९ या काळात काँग्रेसमध्ये एकही कृष्णवर्णीय सदस्य नव्हता. ही पोकळी प्रथम भरून काढणारे शिकागोचे ऑस्कर डी प्रीस्ट यांनीच बेंजामिन डेव्हिस यांचे नामनिर्देशन केले. त्यासाठी डेव्हिस यांना शिकागोत येऊन तेथील रहिवास मिळवावा लागला. चार वर्षे सहाध्यायांनी कामापुरते सोडून त्यांच्याशी संभाषण केले नाही. तरी ते १९३६ मध्ये पदवीधर झाले, व १९५४ मध्ये वायुसेनेतील पहिले कृष्णवर्णीय जनरल ठरले.

स्त्रियांना हे दार १९७५ च्या कायद्याने उघडले. १९७६ मध्ये पहिल्या छात्रा दाखल झाल्या आणि १९८० मध्ये पदवीधर झाल्या. कायदा समान झाला तरी नामनिर्देशनातील वाटा समान झाला नाही, असे कनेक्टिकटमधील माजी सैनिकांना कायदेविषयक साहाय्य देणाऱ्या एका संस्थेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत दाखवून दिले. यात सदस्यांचा पूर्वग्रह असतोच असे नव्हे. ज्या शाळेत कोणीही या मार्गाची माहिती देत नाही, तेथून अर्जच येत नाहीत. आणि अर्ज न आलेल्या विद्यार्थ्याला प्रामाणिकातला प्रामाणिक सदस्यही निवडू शकत नाही.

भारतीय अनुभवाशी तुलना

भारतालाही नामनिर्देशनाचा अनुभव आहे, पण तो वेगळ्या प्रकारचा. १९१८ पासून सँडहर्स्ट येथे भारतीयांसाठी दरवर्षी दहा जागा राखल्या गेल्या, आणि त्यांवरील निवड सरकारी अधिकाऱ्यांच्या पसंतीवर अवलंबून राहिली. तेथे शिफारस करणारा जनतेला जबाबदार नव्हता. घराण्याची राजनिष्ठा हाच पात्रतेचा मोठा आधार होता. या स्थितीची चौकशी करणाऱ्या स्कीन समितीच्या उपसमितीने—मुंबईचे फिरोझ सेठना तिच्यात होते—१९२६ मध्ये युरोपातील संस्थांबरोबर वेस्ट पॉइंटचीही पाहणी केली. १९३२ मध्ये डेहराडून येथे भारतीय सैनिकी प्रबोधिनी सुरू झाली, तेव्हा काही जागा खुल्या स्पर्धापरीक्षेने भरण्यात आल्या. स्वतंत्र भारताने तोच मार्ग स्वीकारला. २०२१ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मुलींनाही ती परीक्षा देता येऊ लागली, आणि खडकवासल्यातील छात्रांच्या पहिल्या तुकडीत सामील झालेल्या सतरा मुलींनी २०२५ मध्ये शिक्षण पूर्ण केले.

या तुलनेतून एक निष्कर्ष निघतो. भारतीय परीक्षा उमेदवाराचे नाव व गाव पाहत नाही, म्हणून ती निःपक्षपाती असते. परंतु सेनाधिकारी कोणत्या प्रदेशांतून येतात, याची हमी ती देत नाही. अमेरिकन नामनिर्देशन प्रत्येक मतदारसंघाला वाटा देते, पण तो वाटा एका व्यक्तीच्या हाती सोपविते. पहिल्या पद्धतीचा कस शाळांच्या दर्जात लागतो, दुसरीचा प्रतिनिधीच्या सचोटीत. दोन्ही पद्धतींना समान असा प्रश्न एकच आहे: जिल्ह्याच्या दूरच्या कोपऱ्यातील सतरा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला हा मार्ग आपल्यासाठीही खुला आहे, हे वेळेवर सांगणारे कोणी आहे काय? या प्रश्नाचे उत्तर कायदा देऊ शकत नाही. ते गावोगावच्या शिक्षकांनाच द्यावे लागते.