अँटेना तपासायचा, पण कशाने?

हौशी रेडिओवाल्यांत एसडब्ल्यूआर दीडच्या आत आला की अँटेना झकास, असं धरून चालतात. मीटर घेण्याआधी या आकड्याची खोड ओळखलेली बरी.

ट्रान्समीटरने पाठवलेली काही शक्ती अँटेनाकडून उलटी फिरते. एसडब्ल्यूआर 1.5 असेल तर 4 टक्के, 3 असेल तर 25 टक्के. पण खाली टेबलावरच्या मीटरला दिसते ती केबलमधून परत येताना शिल्लक राहिलेली शक्ती. समजा, 145 मेगाहर्ट्झवर 30 मीटर आरजी-58 वापरलीय. एवढ्या लांबीत साधारण 6 डेसिबल जातात, म्हणजे वर पोचते जेमतेम पाव. आता गच्चीवरचा अँटेना सरळ काढून टाका. मोकळ्या टोकावरून सगळी शक्ती उलटली तरी खाली येईतो तिचाही पावच भाग उरतो, आणि मीटर दाखवतो सुमारे 1.7. अँटेनाच जागेवर नाही, आणि आकडा बघून कुणी हरकतही घेणार नाही!

म्हणून माझ्या मते पहिली खरेदी 50 ओहमचा डमी लोड आणि त्या बँडला चालणारा वॅटमीटर. लोड केबलच्या वरच्या टोकाला लावा आणि दोन्ही टोकांची शक्ती मोजा. खाली 40 वॅट आणि वर 10 भरले, तर दोष केबलचा. मीटरवरची फ्रिक्वेन्सीची मर्यादा मात्र वाचून घ्या. 60 मेगाहर्ट्झपर्यंतचा मीटर 145 वर काहीही सांगतो.

अँटेना जुळवायला नॅनोव्हीएनए हवा. काही हजारांत येतो आणि ट्रान्समीटरशिवाय एसडब्ल्यूआरचा आलेख काढतो. 7.1 मेगाहर्ट्झसाठी टांगलेल्या 20.1 मीटरच्या डायपोलचा खड्डा 6.9 वर दिसला, तर तार लांब आहे. 20.1 ला 6.9 ने गुणून 7.1 ने भागा: 19.5 मीटर. प्रत्येक बाजूचे 30 सेंटिमीटर जायचे आहेत, पण आधी 20च कापा. कापलेली तार परत जोडत बसणं फार वैतागाचं.

पावसाळ्यात कनेक्टरमध्ये पाणी शिरलं, तर हेच यंत्र टाइम-डोमेनवर टाकून दोष किती मीटरवर आहे ते कळतं. त्याआधी केबलचा व्हेलॉसिटी फॅक्टर भरायचा, आरजी-58 साठी 0.66.

दर वेळी ओपन, शॉर्ट आणि लोड लावून कॅलिब्रेशन करा, तेही जोडवायरच्या टोकाला. अँटेनाची केबल लावण्याआधी तिचा मधला गाभा जाळीला क्षणभर टेकवा. तारेवर साठलेली स्थिर वीज यंत्राचं इनपुट जाळू शकते. आणि त्याच केबलवर चुकूनही ट्रान्समीटरचं बटण दाबू नका.